सल्ल्यासोबत त्याचा हिशेबही मागा



‘स्टार्टअप’ हा शब्द आता आपल्या कानांना नवा राहिलेला नाही. वर्तमानपत्रात येतो, मुलं कॉलेजातून घेऊन येतात, बँकेच्या मेळाव्यात साहेबही बोलून जातात. ऐकला की डोळ्यांसमोर काचेची इमारत येते, लॅपटॉप येतो, फाडफाड इंग्रजी बोलणारी तरुण मुलं येतात. आपला मसाल्याचा, शेवयांचा, शिवणाचा धंदा यात कुठे बसणार, असं म्हणून आपण तो विषय तिथेच सोडतो. आज मात्र तो जरा जवळून बघू या. कारण ही मंडळी एकत्र बसली की ज्या गोष्टी बोलतात, त्याच आपणही बोलतो.

स्टार्टअप म्हणजे नवी कल्पना घेऊन सुरू झालेला आणि झपाट्याने वाढायचं ठरवलेला धंदा. तो सुरू करणाऱ्याला फाउंडर म्हणतात, म्हणजे संस्थापक. या फाउंडर लोकांना एकमेकांशी बोलण्याची फार गरज असते. धंदा नवा असला की घरच्यांना तो कळत नाही, नोकरांसमोर भीती दाखवता येत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर तर हसतमुखच राहावं लागतं. मग बोलायचं कोणाशी? ज्याच्या पायात तसाच काटा रुतलाय त्याच्याशी. अमेरिकेत २००५ साली वाय कॉम्बिनेटर नावाची संस्था सुरू झाली. नव्या धंद्यांना थोडं भांडवल द्यायचं, हे तिचं काम. पण तिथला एक रिवाज भांडवलाइतकाच गाजला. दर मंगळवारी सगळ्या फाउंडरनी एकत्र जेवायचं, एखाद्या अनुभवी माणसाचं ऐकायचं आणि आपापसांत बोलायचं. त्याआधी १९९२ साली कॅलिफोर्नियात आपल्याकडच्या उद्योजकांनी ‘टाय’ नावाची संघटना काढली, तीही अशाच देवाणघेवाणीसाठी. तिच्या शाखा आज पुण्यामुंबईतही आहेत.

आणि आपण? सरस प्रदर्शनात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा शेजारच्या स्टॉलवरच्या ताईला आपण विचारतोच ना, “तुम्ही पाकिटं कुठून आणता? दर काय ठेवलाय?” बचत गटाच्या बैठकीत, एसटीच्या थांब्यावर, कांडपाच्या रांगेत हेच चालतं. म्हणजे रिवाज आपल्याकडेही आहे. विषयही तेच तीन. एक, माणसं कशी सांभाळायची आणि निर्णय कोणी घ्यायचा, म्हणजे नेतृत्व. दुसरा, गिऱ्हाईक कसं मिळवायचं, म्हणजे मार्केटिंग. तिसरा, नवं यंत्र, नवा फोन, नवं अ‍ॅप घ्यायचं की नाही, म्हणजे तंत्रज्ञान.

अडचण सल्ला मिळण्यात नाही, तो भरपूर मिळतो. मोबाईल उघडला की यशस्वी माणसं सल्ला देतच असतात. अडचण आहे ती कोणता सल्ला आपल्या धंद्यात बसतो हे ओळखण्यात. आणि चुकीचा सल्ला आपल्याला महागात पडतो. मोठ्या कंपनीचा एक बेत फसला तर कागदावर तोटा दिसतो. आपला फसला तर गहाण ठेवलेली पोत सुटत नाही, गटाचा हप्ता थकतो, आणि घरात “सांगितलं होतं ना” हे वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. सल्ला जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर त्याचा हिशेबही मागून घ्या.

पैसा कोणाचा?

पहिला प्रश्न हा. सल्ला देणाऱ्याचा धंदा कोणाच्या पैशावर चालतो?

बऱ्याच स्टार्टअपमध्ये गुंतवणूकदाराचा पैसा असतो. हा गुंतवणूकदार एकाच धंद्यात पैसा घालत नाही. समजा त्याने दहा धंद्यांत घातला. सात बुडाले, दोन कसेबसे चालले आणि एक शंभर पटींनी वाढला, तर त्या एकातून त्याचं सगळं वसूल होतं. म्हणून तो प्रत्येकाला सांगतो, “फायद्याचं नंतर बघू, आधी वाढ. तोटा सोसून गिऱ्हाईक जमव.” त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण तुमच्याकडे दहा धंदे नाहीत. तुमच्याकडे एक आहे, आणि तो बुडाला की सगळंच बुडालं. त्याचा सल्ला तुम्ही जसाच्या तसा उचललात तर दहातल्या सात बुडणाऱ्यांत जायची तयारी ठेवावी लागेल.

आता दुसरं टोक बघा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. उसन्या ८० रुपयांवर चालणाऱ्या धंद्याला तोटा सोसून वाढणं परवडणारच नव्हतं. पाकीट विकलं की त्यातून उद्याची डाळ आली पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

तुमचा धंदा यांतल्या कोणत्या टोकाला आहे, हे आधी ओळखा. मग पुढचे सल्ले निवडायला सोपं जातं.

नेतृत्व : समान वाटा म्हणजे काय?

फाउंडर मंडळींत सर्वांत जास्त बोललं जातं ते माणसांबद्दल. अ‍ॅमेझॉन कंपनीच्या जेफ बेझोस यांचा एक नियम प्रसिद्ध आहे. कामाचा गट एवढाच असावा की दोन पिझ्झ्यांत त्याचं पोट भरेल. आपल्याकडे म्हणू, एका परातीतल्या भाकरीत भागेल एवढा. कारण गट मोठा झाला की अर्धा वेळ एकमेकांना समजावण्यातच जातो.

आपला गट दहा ते वीस जणींचा. मग हा नियम कसा लावायचा? कामाचे निर्णय दोन प्रकारचे असतात. आज किती मिरची आणायची, कोणत्या दुकानात माल टाकायचा, कोण कधी येणार, हे रोजचे निर्णय. ते दोघी-तिघींवर सोपवा आणि त्यांच्यावर विश्वास ठेवा. दर ठरवणं, कर्ज काढणं, यंत्र घेणं, कोणाला भागीदार करणं, हे मोठे निर्णय. ते सगळ्यांसमोर, बैठकीत आणि वहीत लिहूनच व्हायला हवेत. रोजच्या गोष्टीला वीसजणींची बैठक आणि कर्जाला मात्र एकटीची सही, अशी उलटापालट झाली की गट मोडतो.

“आमच्यात सगळ्यांचा समान वाटा,” असं आपण अभिमानाने सांगतो. लिज्जतमध्ये तसंच आहे. तिथे काम करणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ आणि प्रत्येक बहीण मालकीण. निर्णय एकमताने, एखाद्या बहिणीनेही हरकत घेतली तर तो थांबतो. ऐकायला हे फार छान वाटतं. पण त्यामागचा हिशेबही ऐका. तिथे बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात, आणि जितके किलो लाटले तितकी लाटणी मिळते. म्हणजे मालकी समान, पण कामाचा मोबदला वजनकाट्यावर. जास्त लाटणारीला जास्त मिळतं. म्हणून कुरकुर राहत नाही.

आपल्या गटात एक जण भाजते, एक कांडपावर जाते, एक उन्हात स्टॉलवर उभी राहते आणि एक फक्त सहीपुरती येते. वर्षाअखेरी फायदा समान वाटला तर स्टॉलवर उभी राहिलेली मनातून दुखावणारच. त्यामुळे आधी कामाची मजुरी ठरवा. तासावर किंवा किलोवर, जशी जमेल तशी. ती दर महिन्याला द्या. त्यानंतर जो फायदा उरेल तो समान वाटा. मैत्री टिकवायची असेल तर हा क्रम सोडू नका.

स्टार्टअपवाल्यांकडून उचलण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथे भागीदाराचा हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण हातात पडत नाही. साधारणपणे तो चार वर्षांत थोडा थोडा कमवायचा असतो, आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत कोणी निघून गेलं तर हिस्सा मिळतच नाही. हा नियम अविश्वासातून आलेला नाही. कोणाचं लग्न होतं, कोणाची बदली होते, कोणाला दुसरी नोकरी लागते, आणि मागे राहिलेल्यांना धंदा चालवायचा असतो. आपल्यातही लेक बाळंतपणाला येते, सासू आजारी पडते, नवऱ्याचं काम शहरात लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा. मधूनच सोडणारीने घातलेलं भांडवल कधी परत मिळेल? त्या वर्षीच्या फायद्यात तिला किती महिन्यांचा वाटा? गटाचं नाव आणि गटात ठरलेलं मसाल्याचं प्रमाण कोणाचं? गोडीत असताना लिहिलेला कागद भांडणाच्या वेळी कामी येतो.

मार्केटिंग : पहिलं पाकीट कोणी विकत घेतलं, दुसरं कोणी?

मार्केटिंग म्हटलं की आपल्याला जाहिरात आठवते. लिज्जतचा टीव्हीवरचा ससा आठवतो. तो रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला. पण तो ससा आला पहिल्या पाकिटानंतर कितीतरी वर्षांनी. त्याआधी झालं काय? सुरुवातीला या बायका दोन प्रकारचे पापड करत. एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना ८० रुपये उसने देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की हलका माल बंद करा, एकच चांगला पापड करा आणि त्याचा दर्जा कधी उतरू देऊ नका. पाकीट घेणारी बाई पुन्हा तेच पाकीट मागेल तेव्हाच धंदा उभा राहील, हे त्या सल्ल्यामागचं गणित. ‘लिज्जत’ हे नावसुद्धा १९६२ मध्ये आलं, धंदा सुरू झाल्यावर तीन वर्षांनी.

मोठ्या स्टार्टअपचीही सुरुवात अशीच पायपिटीची असते. एअरबीएनबी ही अमेरिकेतली कंपनी लोकांना आपलं घर किंवा खोली प्रवाशांना भाड्याने देण्याची सोय करते. २००९ साली तिचा धंदा चालत नव्हता. फाउंडरनी निरखून पाहिलं तर न्यूयॉर्कमधल्या घरांचे फोटो अगदी वाईट होते. मग ते स्वतः तिथे गेले, कॅमेरा भाड्याने घेतला आणि घरोघरी जाऊन फोटो काढले. धंदा हलायला लागला. त्यांच्यापुढे मोठी जाहिरात नव्हती, होती ती दारोदार जायची तयारी.

आता उलटं उदाहरण. क्विबी नावाची कंपनी अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. मोबाईलवर बघायच्या छोट्या छोट्या मालिका ती दाखवत होती. तिच्याकडे सुमारे १७५ कोटी डॉलर जमले होते, नावाजलेले कलाकार होते, जाहिरातीही जोरात होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने बंद होत असल्याचं जाहीर केलं. पैसे भरून ते बघत राहावं, असं पुरेशा लोकांना वाटलं नाही. पहिल्यांदा गिऱ्हाईक आणणं पैशाने जमतं. त्याला परत आणणं मालावर अवलंबून असतं.

म्हणून प्रदर्शनात “दोनशे पाकिटं गेली” असं कोणी सांगितलं की कौतुक करा आणि पुढे विचारा, “ताई, त्यांतल्या किती जणींनी पुन्हा मागवलं?” तुमच्या वहीतही हाच आकडा ठेवा. घेणाऱ्याचा फोन नंबर लिहून ठेवा, दोन महिन्यांनी बघा. पन्नासातल्या पंधरा जणींनी परत मागवलं तर माल चांगला आहे, आता जास्त लोकांपर्यंत न्या. दोघींनीच मागवलं तर जाहिरातीवर पैसा घालू नका, आधी त्या अठ्ठेचाळीस जणींपैकी चार-पाच जणींना फोन करून विचारा काय आवडलं नाही ते. ऐकायला कडू लागेल, पण हे औषध फुकट मिळतं.

आता दराचं बघू. समजा शेंगदाणा चटणीचं पाव किलोचं पाकीट आहे. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून ४६ रुपये. पाकीट आणि लेबल ७ रुपये. गॅस आणि कांडप ५ रुपये. झाले ५८. आपण ते ९० ला विकतो आणि म्हणतो ३२ रुपये सुटले. पण तुमच्या हाताची मजुरी? ती १६ रुपये धरा. म्हणजे खर्च ७४, आणि खरा फायदा १६ रुपये.

आता कोणीतरी सल्ला देतं, “एकावर एक मोफत ठेवा, बघा कशी गर्दी होते.” गर्दी होईल. पण दोन पाकिटांचा खर्च १४८, हातात आले ९०, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे ५८ रुपये तुमच्या पदरचे. जितकी गर्दी जास्त तितका खड्डा मोठा. दुसरं कोणी म्हणतं, “दुकानात ठेवा, दुकानदार २० टक्के घेतो.” ९० चे २० टक्के म्हणजे १८. उरले ७२. खर्च ७४. प्रत्येक पाकिटाला दोन रुपये देऊन तुम्ही दुकानदाराची सेवा करताय. दुकानात ठेवायचं तर दर ११० हवा. २२ दुकानदाराचे, ८८ तुमचे, खर्च जाऊन १४ उरतील. शिवाय पैसे कधी मिळणार तेही ठरवून घ्या. दोन-दोन महिने उधारी राहिली तर कागदावर फायदा आणि डब्यात खडखडाट अशी गत होते. ११० ला चटणी खपणार नाही असं वाटत असेल तर दुकान तुमच्यासाठी नाही, घरपोच विक्री तुमच्यासाठी आहे. सल्ला चूक नव्हता, तो तुमच्या आकड्यांत बसत नव्हता इतकंच.

तंत्रज्ञान : क्यूआर कोडच्या मागे खातं कोणाचं?

तिसरा विषय नव्या तंत्राचा. स्टार्टअपच्या जगात दरवर्षी नवी लाट असते. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची आहे. प्रत्येक लाटेत सांगितलं जातं की हे घेतलं नाही तर मागे पडाल. आपण घाबरूनही जायचं नाही आणि हुरळूनही जायचं नाही. एवढंच बघायचं की आपल्या धंद्याचं नेमकं कुठे अडलंय आणि हे साधन ती अडचण सोडवतं का.

लिज्जतच्या बायकांचं पहिल्या पावसाळ्यात अडलं. ऊन नाही, पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय आणलं? एक खाट आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्यातही काम सुरू राहिलं. तंत्रज्ञान म्हणतात ते हेच. आधी अडचण ठाऊक होती, मग साधन आलं.

आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. मेळाव्यात यंत्र बघतो, अनुदान आहे म्हणतात, आणि घेऊन टाकतो. वर्षभराने त्यावर धूळ बसलेली. यंत्र घेण्याआधी एक साधा भागाकार करा. समजा यंत्र ६०,००० रुपयांचं आहे आणि त्यामुळे प्रत्येक पाकिटामागे ३ रुपये वाचतात. ६०,००० भागिले ३, म्हणजे २०,००० पाकिटं विकल्यावर यंत्राचे पैसे वसूल होणार. तुमची विक्री महिन्याला ४०० पाकिटांची असेल तर त्याला ५० महिने लागतील, चार वर्षांहून जास्त. दुरुस्ती आणि वीजबिल वेगळंच. तीन गटांनी मिळून घेतलं आणि महिन्याला १,२०० पाकिटं झाली तर सतरा महिन्यांत वसूल. यंत्र तेच, पण एकीला खड्ड्यात घालणारं आणि तिघींना वर काढणारं. अनुदान मिळालं तरी हा भागाकार चुकवू नका. वाचलेल्या पैशाएवढा आकडा कमी करा आणि मग मांडा.

मोबाईलवरून पैसे घेण्याची यूपीआय सोय २०१६ साली सुरू झाली आणि आज भाजीच्या गाड्यावरही क्यूआर कोड दिसतो. तो ठेवाच. सुट्ट्यांची कटकट संपते आणि विक्रीची नोंद आपोआप बँकेत राहते. उद्या कर्ज मागायला गेलात तर ‘माझी विक्री एवढी आहे’ हे सांगायला तोंडी पुरावा चालत नाही, खात्याचा उतारा चालतो. पण मैत्रिणींनो, इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या स्टॉलवर लावलेला तो क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे? नवऱ्याच्या? मुलाच्या? मग उन्हात उभं राहून केलेल्या विक्रीची नोंद त्यांच्या नावावर होतेय. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण बँकेच्या नजरेत तुमचा धंदाच नाही. तेव्हा आपल्या नावाचं, किंवा गटाचं, खातं जोडा आणि त्याचा फोन स्वतःच्या हातात ठेवा. आणि एवढं कायम लक्षात असू द्या, पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. “पैसे पाठवतोय, पिन टाका” असं कोणी म्हणालं की फोन बंद करा.

एआयचंही थोडं सांगते. मोबाईलवर मराठीत विचारलं की ही साधनं लेबलचा मजकूर लिहून देतात, उत्तराचं पत्र तयार करतात, हिंदी-इंग्रजी करून देतात. परगावच्या गिऱ्हाइकाशी बोलायला हे उपयोगी आहे. पण ही साधनं चुकीची गोष्टही अगदी ठाम सुरात सांगतात. त्यामुळे लेबलवरचं वजन, तारीख, घटक आणि अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी ताडून बघायच्या. चटणीत काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे, यंत्राला नाही.

मग बोलायचं कसं?

आता आपल्या देवाणघेवाणीकडे वळू. वेगवेगळे धंदे करणाऱ्या सहा-सात जणी महिन्यातून एकदा बसू शकतात. एक शिवणाची, एक दुधाची, एक मसाल्याची, एक पार्लरची. धंदे वेगळे असले की चढाओढ राहत नाही आणि जीभ मोकळी होते. मसाल्याचं प्रमाण सांगू नका, ते तुमचं. पण पाकिटं कोणत्या भावाने आणली, मजुरी किती दिली, दुकानदाराने पैसे किती दिवसांनी दिले, हे मोकळेपणाने सांगा. ते सांगून कोणाचं नुकसान होत नाही आणि सगळ्यांचा फायदा होतो.

बैठकीला प्रत्येकीने दोन गोष्टी आणायच्या. महिन्याचा एक आकडा आणि फसलेली एक गोष्ट. फसलेली गोष्ट का? कारण व्यासपीठावर आपल्याला फक्त जिंकलेले दिसतात. “मी सोनं गहाण ठेवलं आणि आज माझा कारखाना आहे,” असं सांगणारी एक जण स्टेजवर असते. तसंच सोनं गहाण ठेवून ज्यांचं गेलं त्या घरी असतात, त्यांना कोणी बोलवत नाही. एकीचंच ऐकून आपण ठरवलं तर सोनं गहाण ठेवणं हाच यशाचा मार्ग वाटेल. तेव्हा धंदा बंद केलेल्या ताईलाही बैठकीला बोलवा, मानाने बसवा, आणि विचारा काय झालं ते. लिज्जतचाही मालाडला शाखा काढण्याचा १९६१ मधला प्रयत्न फसला होता. फसणं ही लाज नाही, पण ते लपवलं तर पुढचीही त्याच दगडाला ठेचकाळते.

आणि कोणीही सल्ला दिला की चार प्रश्न विचारायचे. पैसा कोणाचा होता? किती दिवसांत परत आला? किती गिऱ्हाईक पुन्हा आलं? आणि फसलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? ज्या सल्ल्याला या चारांची उत्तरं आहेत तो लिहून घ्या. ज्याला नाहीत त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

“आम्हाला कुठे एवढं गणित येतं,” असं म्हणू नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्याबरोबर गावातल्या बायकांनी माणदेशी महिला बँक सुरू केली. पहिल्यांदा परवाना मागितला तेव्हा तो नाकारला गेला, कारण अनेकींच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, पण व्याजाचा हिशेब येतो. कोणतीही रक्कम घाला, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. रॉकेल किती दिवस पुरेल, दुधाचा हिशेब कुठे चुकला, भिशीचा नंबर कोणाचा, हे आपण रोज तोंडीच करतो. तेच डोकं धंद्यात वापरायचं.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या एका वस्तूचा खर्च स्वतःची मजुरी धरून वहीत मांडा. मग ती वही घेऊन शेजारच्या एखाद्या धंदेवाल्या मैत्रिणीकडे जा, आणि तिलाही तिची काढायला सांगा.